पंचांचा बोका

माणसानं न्यायी असावं हे मलाही पटतं. पण स्वतःच्या बोक्यासाठी संडास निवडताना ज्याला सगळ्या कंपन्यांची बाजू ऐकून घ्यावीशी वाटते, अशा माणसाच्या वरच्या मजल्यावर राहायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. माझ्यावर आली.

मी मूळची साताऱ्याची. बँकेतल्या बदलीनं सांगलीला आले आणि विश्रामबागेच्या मागं एका दुमजली घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला. खाली सर राहायचे. शाळेत खेळाचे शिक्षक होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. पण त्यांची खरी ओळख खो-खोचे पंच अशी होती. सरकारी स्पर्धांना वयाची अट आडवी आली, तरी जत्रांच्या आणि मंडळांच्या स्पर्धांना त्यांच्याशिवाय चालायचं नाही. आज फलटण, उद्या पलूस, परवा आणखी कुठलं तरी गाव. पांढरी पँट, पांढरा शर्ट, गळ्यात शिट्टी आणि खांद्याला एक खाकी पिशवी. एसटीच्या कंडक्टरांपैकी निम्मे त्यांच्या ओळखीचे होते, कारण कधीतरी सरांनी त्यांना खो-खोत बाद दिलेलं होतं.

खो-खोत मुख्य पंचाला सरपंच म्हणतात. हे मला ठाऊक नव्हतं. पहिल्याच आठवड्यात एकजण खालून ओरडला, "सरपंच हायत का घरात?" मी वरून सांगितलं, इथं कोणी सरपंच राहत नाहीत. सर बाहेर आले आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "म्यानेजरबाई, म्हायती नसंल तर पंचानं निकाल देऊ न्हाई. तुमी बी देऊ नका." मी मॅनेजर नव्हते, कर्ज विभागात साधी अधिकारी होते. हेही मी अनेकदा सांगितलं. "आक्षेप नोंदवला," म्हणायचे आणि पुढं म्यानेजरबाईच म्हणायचे.

सर एकटे. लग्न का केलं नाही असं शेजारच्या काकूंनी एकदा माझ्यासमोरच त्यांना विचारलं. "संसारात कुणाच्या तरी बाजूनं बोलावं लागतंय," सर म्हणाले. "मला त्ये जमणार न्हाई." आणि हे विनोदानं नव्हे, अगदी सरळपणे. गल्लीत गाडी लावण्यावरून दोन घरांची भांडणं झाली की लोक सरांकडं यायचे. ते दोघांचं ऐकायचे, दोघांना चूक ठरवायचे आणि चहा द्यायचे. माझ्या नळाचं काम अर्धवट टाकून प्लंबर पळाला, तेव्हा मी तणतणत खाली गेले. सरांनी प्लंबरला फोन लावला, त्याची बाजू ऐकली आणि मला सांगितलं, "त्यानं यायला पायजे व्हतं, ह्ये खरं. पण तुमी बी त्याला सोमवार म्हनला आन् सोमवारी कुलूप लावून गेला. फाऊल दोघांचा." नळ पुढं आठवडाभर गळत होता.

शिट्टी घरातही गळ्यातच असायची. दोन छोट्या शिट्ट्या म्हणजे सर गावाला निघाले. एक लांब शिट्टी म्हणजे पाण्याची टाकी भरली, मोटर बंद करा. मी अंघोळीला असले तरी शिट्टी वाजतच राहायची. फोन करा म्हटलं तर म्हणायचे, "फोनचा आवाज जिन्यापतुर पोचत न्हाई."

बोका त्यांना पलूसच्या एका स्पर्धेत भेटला. सामना चालू असताना तो एका संघाच्या राखीव खेळाडूंच्या बाकावर येऊन बसला आणि सामना संपेपर्यंत हलला नाही. संध्याकाळी दोन्ही संघ निघून गेले, बोका बाकावरच. सरांनी त्याला खाकी पिशवीत घातलं, एसटीनं सांगलीला आणलं आणि नाव ठेवलं राखीव. पिवळा, रुंद तोंडाचा, आळशी बोका. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला हे मी सरांना कधी कळू दिलं नाही, कारण कळलं असतं तर जे झालं ते आणखी लवकर झालं असतं.

जे झालं ते असं. सर फिरतीवर निघाले की जिन्यातल्या खिळ्याला त्यांच्या घराची किल्ली लटकलेली असायची. राखीवला खायला घालणं हे ठीक होतं. पण त्याचा संडास, म्हणजे न्हाणीघराशेजारी ठेवलेली वाळूची पाटी, तीही माझ्याकडं. वाळू कुठल्या तरी बांधकामावरून आणून सरांनी स्वतः चाळलेली. ओली झाली की तिचा चिखल व्हायचा आणि वास जिना चढून माझ्या स्वयंपाकघरात यायचा. मी बँकेतून दमून यायचे, साडी बदलायच्या आधी खाली जाऊन खुरप्यानं पाटी उपसायची, ती गच्चीवर उन्हात टाकायची, दुसरी भरायची. एकदा सरांना स्पष्ट सांगितलं, हे माझं काम नाही.

"बरोबर हाय तुमचं," सर म्हणाले.

"मग?"

"मग काय? आक्षेप नोंदवला." दुसऱ्या दिवशी दोन शिट्ट्या वाजल्या आणि किल्ली खिळ्याला होती.

शेवटी मीच आपोआप साफ होणाऱ्या लिटर बॉक्सची गोष्ट काढली. फोनवर चित्रं दाखवली. मांजर आत जाऊन बाहेर आलं की यंत्र स्वतः फिरतं, घाण खालच्या कप्प्यात पडते, झाकण बंद. फिरतीवरच्या माणसांसाठीच बनवलेली वस्तू. सर चष्मा कपाळावर नेऊन बराच वेळ बघत राहिले.

"आटोमॅटिक संडास," ते म्हणाले. "आमच्या गावात माणसाला साधा मिळंना, आन् ह्ये."

"घ्यायचा का?"

"ट्रायल बघू."

त्या एका शब्दाची मला पुढं उन्हाळाभर आणि पावसाळाभर किंमत मोजावी लागली.

पहिलं यंत्र आलं ते सिमेंट कालवायच्या मिक्सरसारखं गोल होतं. सरांनी ते ओसरीवर ठेवलं आणि राखीवला खोलीत कोंडलं. "आधी गडी न्हाई सोडायचा. आधी मैदान तपासायचं." राखीवचं वजन पिशवीत घालून वाण्याच्या काट्यावर केलेलं होतंच. तेवढ्या वजनाची ज्वारी एका धडप्यात बांधून त्यांनी यंत्रात ठेवली. आत काही आहे असं कळलं की यंत्रानं थांबायला हवं. थांबलं. मी म्हटलं, झालं, पास.

"थांबा," सर म्हणाले, आणि त्यातली थोडी ज्वारी काढली. पुन्हा ठेवलं. पुन्हा थांबलं. आणखी काढली. असं करत करत धडपं लहान पिल्लाएवढं झालं आणि यंत्र त्याला आत घेऊन गरगरा फिरलं. गाठ सुटली, ज्वारी वाळूत मिसळली.

"राखीव पिल्लू नाही सर. चांगला आडवा-तिडवा आहे."

"आज न्हाई. पण आजारी पडून वाळला तर? न्हाईतर एकच पाय आत टाकून उभा ऱ्हायला तर?" त्यांनी शिट्टी फुंकली. "बाद."

मला राग आला तो यामुळं की बोलणं बरोबर होतं. पण एवढ्यावर थांबतील ते सर कसले. परत करण्याआधी कंपनीची बाजू ऐकायची होती. त्यांनी मला कस्टमर केअरला फोन लावायला लावला आणि स्पीकरवर सुरुवात केली, "तुमच्या यंत्रावर आरोप हाय. तुमचं म्हननं काय?" पलीकडची मुलगी हिंदीत विचारत होती, ऑर्डर नंबर काय. सर म्हणत होते, "न्हाई न्हाई, आधी खुलासा." मी स्वयंपाक गॅसवर ठेवून आले होते. भात करपला.

दुसरं यंत्र सपाट पाटीचं, त्यात एक मोठी फणी पुढं-मागं सरकणारी. ते घेताना मी सांगितलं होतं की याला दुकानातलीच रेती लागते, ओली झाली की जिचा गोळा होतो ती. सर म्हणाले, "कृष्णेच्या काठावर ऱ्हायचं आन् माती इकत घ्यायची?" आपली चाळलेली वाळू ओतली. फणी दोन बोटं सरकली आणि कण्हत थांबली. मग माझ्याच पैशानं मी रेतीची पिशवी आणली, आणि फणी नीट चालायला लागली. तेवढ्यात वीज गेली. फणी मधेच उभी. राखीव आला, फणीकडं बघितलं, तिच्यावर पाठ घासली आणि शांतपणे बाजूच्या फरशीवर बसून काम उरकलं.

"वीज गेली की डाव सोडून देतंय," सर म्हणाले. "असला गडी फिरतीच्या मानसाला काय कामाचा?"

मग तेही परत. आणि मधल्या काळात पाटी आणि खुरपं माझ्याकडंच. दर वेळी मी म्हणायचे, सर, आता निवडा काहीतरी. सर म्हणायचे, "निवड कराय माझी ना न्हाई. पण घाईत दिलेला निकाल आयुष्यभर टोचतोय." कुठल्या सामन्याबद्दल म्हणत होते कोण जाणे. सांगायचे नाहीत.

तिसरं यंत्र आलं पावसाळ्याच्या शेवटी. तोंड रुंद, आत कोणी असताना न फिरणारं, सगळ्यात लहान धडप्यालाही ओळखणारं, वीज गेली तर बॅटरीवर चालणारं. सर ज्वारीनं, नारळानं, शेवटी स्वतःचा हात घालून थकले, पण त्यात खोट सापडेना. फक्त एक गोष्ट होती. ते फोनला जोडावं लागायचं. बोका किती वेळा गेला, किती वेळ बसला, कप्पा भरला का, हे सगळं फोनवर यायचं. सरांकडं बटणांचा जुना फोन. नवा घ्या म्हटलं तर ठाम नकार. "पंचाजवळ तसला फोन नसावा. लोक व्हिडिओ दावून निकाल फिरवा म्हनत्यात."

तेव्हा यंत्र जोडलं गेलं माझ्या फोनला.

यापुढचे दिवस कसे गेले ते माझ्या शाखेतली माणसं सांगतील. कर्जदार समोर बसलाय, मी त्याला हप्ता समजावून सांगतेय, आणि फोन टिंग करून सांगतोय की राखीव आत्ताच जाऊन आला. मोठे साहेब पुण्याहून आलेले, बैठक चालू, टिंग. शिपाई सुद्धा विचारायला लागला, "आला का जाऊन, मॅडम?" बरं, इतकं होऊनही सरांनी यंत्र पसंत आहे असं म्हटलं नव्हतं. खोकं जपून ठेवलं होतं. "ह्ये यंत्र फकस्त मोजतंय. कामाचं हाय का न्हाई त्ये अजून ठरायचंय."

त्याच सुमारास म्हसवडला मुलींची स्पर्धा लागली. अंतिम सामन्याला सर. दोन शिट्ट्या वाजवून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बँकेत पोचते न पोचते तोच टिंग. थोड्या वेळानं पुन्हा. मग पुन्हा. मी वैतागून फोन उलटा ठेवला. पण टेबलावर तो थरथरतच राहिला, जसं काही आत कोणीतरी दार ठोठावतंय. बिघडलं, मी मनात म्हटलं. हेही परत जाणार, पुन्हा ज्वारी, पुन्हा खुलासा. जेवणाच्या सुट्टीत कप्पा बघायला म्हणून घरी गेले.

यंत्र बिघडलं नव्हतं. राखीव आत वाकून बसला होता, शेपटी ताठ, आणि घशातून असा आवाज काढत होता जो मी मांजराच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. बाहेर आला, दोन पावलं चालला, पुन्हा आत गेला. रेती कोरडी ठणठणीत. पोटाला हात लावला तर ओरडून चावला.

मिरजेच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. "बोका आहे ना?" त्यांनी विचारलं. "लघवी अडकली असणार. संध्याकाळची वाट बघू नका. आत्ता घेऊन या."

रिक्षात बसल्या बसल्या मी सरांना फोन लावत होते. सामन्याच्या वेळी त्यांचा फोन गुणलेखकाच्या टेबलावर पिशवीत असतो, आणि सामना संपेपर्यंत ते त्याला शिवत नाहीत. एकदा सख्ख्या भावाला दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हाही त्यांनी डाव संपल्यावरच फोन घेतला, हे तेच अभिमानानं सांगायचे. मी लावतच राहिले. शेवटी गुणलेखकानं उचलला.

"सरांना सांगा, राखीवला मिरजेच्या दवाखान्यात नेतेय. जगेल का माहीत नाही."

"राखीव?" तो घाबरला. "कुठल्या संघाचा?"

"अहो, सरांचा! राखीव!"

पुढचं मला नंतर कळलं. त्या भल्या माणसानं माइकवरूनच सांगितलं की राखीव खेळाडू दवाखान्यात आहे आणि परिस्थिती गंभीर आहे. दोन्ही संघांच्या बाकांवर मुली आपापल्या राखीव मोजायला लागल्या. एका प्रशिक्षकानं रडणाऱ्या मुलीला विचारलं, तू बरी हायस न्हवं? आणि मैदानाच्या रेषेवर उभे असलेले सर, शेवटचा डाव चालू असताना, घड्याळ पळत असताना, शिट्टी वाजवून थांबले. मग सरळ चालत मैदानाबाहेर गेले. पिशवी घेतली. दुधाच्या एका गाडीला हात केला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी राखीवला भूल दिली आणि नळी घातली. बराच वेळ काहीच होईना. मी बाहेर बाकावर बसले होते, हातावर त्याच्या दातांच्या खुणा. मग त्या दार उघडून म्हणाल्या, "सुटली." मला त्या शब्दाचा एवढा आनंद होईल असं वाटलं नव्हतं.

ऊन कलायला लागलं होतं तेव्हा सर आले. पांढऱ्या कपड्यांवर म्हसवडची लाल माती, केसांत दुधाच्या गाडीतलं गवत, शिट्टी गळ्यातच. टेबलावर पडलेल्या राखीवजवळ जाऊन उभे राहिले. हात लावायचा की नाही हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

"लावा हात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चावत नाही आता. थोडा वेळ गेला असता तर मात्र कठीण होतं. तुम्हाला कळलं कसं एवढ्या लवकर?"

मी यंत्राबद्दल सांगितलं. ते मोजत होतं, म्हणून.

सरांनी राखीवच्या पाठीवर हात ठेवला. "ह्यो साक्षीदार खरा निघाला," ते म्हणाले. "ठेवूया ह्ये." बस. उन्हाळ्यापासून चाललेली निवड त्या दोन शब्दांत संपली. मी इतकी दमले होते की भांडावंसंही वाटलं नाही.

राखीव घरी आला, पथ्याचं खाणं खायला लागला, हळूहळू सुधारला. यंत्र पसंत झालं. आणि ज्यासाठी यंत्र घेतलं ते फिरतीवर जाणं मात्र सरांनी बंद केलं.

म्हसवडचा सामना अर्धवट राहिला होता. दोन्ही संघांनी पुन्हा खेळायचं ठरवलं होतं. सरांनी दोन्ही गावांना फोन करून माफी मागितली आणि सांगितलं, आपण आता पंच नाही. "पंच मैदान सोडून गेला, म्हंजी पंच संपला." मी समजावलं. डॉक्टरीणबाईंनी समजावलं. त्यांचं एकच. मग ते घरी बसले, आणि देवा, घरी बसलेले सर हे फिरतीवरच्या सरांपेक्षा कितीतरी वाईट होते. माझ्या फोडणीला जास्त वेळ लागला की खालून शिट्टी. गल्लीतली पोरं क्रिकेट खेळली की शिट्टी. काकूंनी वाळवणं दोन इंच आमच्या हद्दीत घातली की शिट्टी. यंत्राचे आकडे दर तासाला विचारायचे. मी एकदा ओरडले, "सर, एक तर नवा फोन घ्या, नाही तर म्हसवडला जा!"

"आक्षेप नोंदवला," ते म्हणाले, पण आवाजात जीव नव्हता.

मग एका रविवारी सकाळी जीप येऊन थांबली. म्हसवडच्या मुलींची कर्णधार आणि तिचे प्रशिक्षक. मुलगी उंच, वेणी घट्ट बांधलेली, गुडघे सोलवटलेले. चहा घेतला नाही. उभ्यानंच बोलली.

"आवं सर, फुडच्या रविवारी सामना हाय. पंच तुमी."

"मी न्हाई. दुसरा कोन बी बघा. लय चांगली पोरं हायत आता पंच."

"दुसरा चालत न्हाई."

"तुमच्या गावाला चालत नसंल. त्यांच्या गावाला इचारा की."

"त्यांनीच तुमचं नाव पयलं दिलंय," ती म्हणाली. "आमी नंतर."

दोन्ही संघांनी एकच नाव देणं म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं, ते सरांच्या चेहऱ्यावरून कळलं. ते आत गेले, राखीवचं भांडं धुतलं, पुन्हा धुतलं, बाहेर आले.

"बोका आजारी हाय. त्याला सोडून येत न्हाई."

"मग घेऊन या."

"त्याचं यंत्र?"

मुलीनं प्रशिक्षकाकडं बघितलं. "जीप मोठी हाय, सर."

आणि यंत्राचे आकडे माझ्या फोनवर येत असल्यामुळं मलाही जावं लागलं. माझ्या रविवारबद्दल कोणी विचारलं नाही. अशा रीतीनं सर, मी, टोपलीत राखीव आणि मागच्या बाजूला मांजराचा आटोमॅटिक संडास असे आम्ही म्हसवडला गेलो. शाळेच्या मुख्याध्यापकांच्या खोलीत यंत्र लावलं. मुख्याध्यापकांना मी वस्तू काय आहे ते सांगितलं. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं. मी दुसऱ्यांदा सांगितलं.

खो-खो मी त्याआधी नीट बघितलेला नव्हता. त्या दिवशी पहिल्यांदा सरांना मैदानात बघितलं. घरी पाय ओढत चालणारा माणूस तिथं रेषेवरून मुलींच्या बरोबरीनं पळत होता. हात वर जायचा, बोट दाखवायचं, पुढं. कोणी वाद घालत नव्हतं. शेवटच्या डावात म्हसवडच्या मुली एका गुणानं मागं होत्या आणि वेळ संपत आलेली. कर्णधारानं खांब धरून वळसा घेतला आणि पळणाऱ्या मुलीच्या मागं आडवा सूर मारला. जमिनीवर पडली ती हात वर करूनच. "बाद!" माझ्या आजूबाजूचं अख्खं गाव ओरडलं. मीही ओरडले.

सरांनी हात आडवा केला. नाही. आणि लगेच वेळ संपल्याची शिट्टी झाली.

मुलगी उठून सरांसमोर गेली. नाकाला माती लागलेली. "सर, लागला व्हता हात. टाचेला लागला."

"न्हाई दिला," सर म्हणाले.

ती फिरली आणि निघून गेली. गावानं थोडा आरडाओरडा केला, पण निकाल मानला. बक्षीस समारंभ झाला, सरांना नारळ आणि टॉवेल मिळाला, आम्ही सामान जीपमध्ये भरलं. गावाबाहेर पडलो असू नसू, सर पुढच्या सीटवरून ड्रायव्हरला म्हणाले, "गाडी मागं घे."

"काय राहिलं?" मी विचारलं. मांडीवर राखीव, पाय बधिर झालेले.

"त्या पोरीचं घर."

दिवस बुडत होता. घर वस्तीच्या कडेला, पुढं मेंढरांचा वाडा, चुलीचा धूर. मुलगी अंगणात पाय धूत बसली होती. सरांना बघून उठली नाही.

सर तिच्यासमोर उभे राहिले. "खांबाकडं ऊन व्हतं," ते म्हणाले. "माझे डोळे आता उन्हात साथ देत न्हाईत. तुझा हात लागला का न्हाई, मला दिसलंच न्हाई."

मुलीनं तांब्या खाली ठेवला. "मग?"

"न दिसलेलं देता येत न्हाई, म्हनून दिलं न्हाई. पण दुसऱ्या पंचाला इचारायला पायजे व्हतं. न्हाई इचारलं. एवढी वर्सं कवा इचारलं न्हाई. लाज वाटली."

"मग निकाल बदला!"

"निकाल बदलत न्हाई."

"आवं, मग सांगाय कशाला आला?" तिचा आवाज फाटला. "मला वाटत व्हतं, माझीच चूक झाली आसंल. नीट लागला नसंल हात. तेवढं मानलं व्हतं मी."

"म्हनून आलो," सर म्हणाले. "तसं मानू नगंस. तुझा हात लागला आसंल. मला बघाय आलं न्हाई."

मेंढरं वाड्यात ढुसण्या देत होती. दारात तिची आई उभी राहिली होती, परात हातात, पीठ बोटांना. मुलीनं तांब्यातलं उरलेलं पाणी पायावर ओतलं, बाहीनं तोंड पुसलं आणि आईला सांगितलं, "आय, चार भाकरी जादा थाप. ह्ये जेवून जानार."

सर म्हणाले, "न्हाई, आमाला उशीर—"

"बसा म्हनलं की बसायचं," ती म्हणाली. घोंगडं अंथरलं. सर बसले. एवढ्या मुकाट्यानं कोणाचं ऐकताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

ती माझ्याजवळ आली. राखीवच्या कानामागं बोट फिरवलं, आणि घोंगड्यावर ताठ बसलेल्या सरांकडं बघत, दात आवळून विचारलं, "ताई, ह्यांचं घरी बी असंच असतं?"

"रोज," मी म्हटलं.

"मग तुमी काय करता?"

मी राखीवला सरांच्या शेजारी घोंगड्यावर ठेवलं. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. ती गेली, पाण्याचा तांब्या भरून आणला आणि तो सरांच्या उजव्या हाताशी ठेवला.